हाकेची खूण

१

वजनबाईंनी कुत्रा आणला तो दया म्हणून नव्हे, गरज म्हणून, आणि शेल्टरच्या अर्जावर त्यांनी ते तसंच्या तसं लिहिलं होतं. एकतीस वर्षं त्या वजनमापे निरीक्षक होत्या. दुकानोदुकानी जाऊन काटे तपासायचे, खऱ्या वजनांवर शिक्का मारायचा, खोटी जप्त करायची, हे त्यांचं काम. लोकांनी पाठीमागे ठेवलेलं नाव निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच लावायला सुरुवात केली, त्यामुळे कुजबुजण्यात कुणाला मजा उरली नाही. लग्न केलं नव्हतं. "करणार होते, पण तोलामोलाचा मिळाला नाही," असं त्या सांगायच्या आणि समोरच्याच्या आधी स्वतः हसायच्या.

दोन वर्षांपूर्वी एका तापात त्यांचे दोन्ही कान गेले. थोडेथोडके नव्हे, पार गेले; यंत्रांचाही उपयोग झाला नाही. बाई डगमगल्या नाहीत. सहा महिन्यांत समोरच्याचे ओठ वाचायला शिकल्या, आणि पूर्वी जे लोक पुटपुटून निसटायचे तेही आता सापडायला लागले. पण तोंड फिरवून बोलणारं माणूस, दाराची बेल, शेगडीवर करपणारं दूध, यांच्यापुढे त्यांचा इलाज चालत नव्हता. मागच्या थंडीत त्यांची भाची, म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी, दीड तास दाराबाहेर उभी होती. शेवटी तिने कुलूपवाल्याला आणून दार उघडलं, तेव्हा मावशी मागच्या खोलीत निवांतपणे जुने काटे पुसत बसली होती. भाची तिथेच फरशीवर बसून रडली.

"मावशी, आता पुरे झालं," ती म्हणाली. "आमच्याकडे चल. एक खोली रिकामीच आहे."

बाईंचा भाचीवर जीव होता. पण दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या वेळेने उठायचं-जेवायचं हे त्यांना मुळीच मान्य नव्हतं. खूप वादावादी होऊन शेवटी तीन महिन्यांची मुदत ठरली. तेवढ्यात बहिऱ्या माणसाचे कान होणारा कुत्रा तयार झाला आणि शेल्टरच्या परीक्षेत पास झाला, तर बाई आपल्या घरात. नाही झाला, तर मुकाट्याने भाचीकडे. तोवर ती खोली भाड्याने द्यायची नाही.

"पास होईल," बाई म्हणाल्या. "मी शिकवणार आहे."

२

कुत्रा आला तेव्हा अकरा किलो दोनशे ग्रॅम भरला. तपकिरी, लांब कानांचा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. बाईंनी त्याचं नाव छटाक ठेवलं. पहिले चार दिवस तो जेवणाच्या टेबलाखालून हलला नाही, आणि बाईंची पाठ वळल्याशिवाय घासाला तोंड लावलं नाही. बाईंनी घाई केली नाही. वाडगा रोज एक फरशी आपल्या खुर्चीकडे सरकवला. एक फरशी, जास्त नाही. बुजलेल्या जीवाला कळताही कामा नये की अंतर कमी होतंय. अकराव्या दिवशी छटाक त्यांच्या पायाशी बसून खात होता, आणि ही स्वतःचीच कल्पना आहे असं त्याला वाटत होतं.

खाणं अर्थातच मोजून. सकाळी एकशे दहा ग्रॅम, संध्याकाळी एकशे दहा, आणि शिकवताना द्यायचे वाळवलेल्या कलेजीचे एक-एक ग्रॅमचे तुकडे, दिवसाला तीस. शेजारीण म्हणाली, "अहो, कुत्रा आहे तो, केशर नाही." बाईंनी तिला हसून वाटेला लावलं.

शेल्टरची ट्रेनर आठवड्यातून दोनदा यायची. धिप्पाड, तोंडाने फटकळ, पण कुत्र्यांशी बोलताना लोण्यासारखी. तिने चार खुणा शिकवायला घेतल्या. बेल वाजली की छटाकने बाईंच्या गुडघ्याला नाक लावायचं. शेगडीजवळचा टायमर वाजला की मांडीवर एक पंजा. धुराचा भोंगा वाजला की सपशेल आडवं पडायचं. आणि कुणी बाईंना हाक मारली की पुढचे दोन्ही पंजे त्यांच्या पावलावर ठेवायचे, मग हाक मारणाऱ्यापर्यंत त्यांना घेऊन जायचं, त्याच्यासमोर बसायचं आणि वर तोंडाकडे बघायचं.

"या चौथ्या खुणेचा खाऊ तुम्ही द्यायचा नाही हं," ट्रेनर म्हणाली. "हाक मारणाऱ्याने द्यायचा, स्वतःच्या हाताने. म्हणजे त्याला त्या माणसापर्यंत पोचावंसं वाटतं."

भाची सुट्टीच्या दिवशी यायची, शेजारीण दुपारी यायची. दोघी आळीपाळीने स्वयंपाकघरातून, बाल्कनीतून, मागच्या खोलीतून हाका मारायच्या. चार आठवड्यांत छटाक इतका तरबेज झाला की बाईंना आपल्या पावलांवर त्याच्या पंजांचं वजनही पाठ झालं. खरं सांगायचं तर त्या सुखावल्या होत्या. दोन वर्षांनी त्यांना कुणीतरी हाक मारत होतं आणि ती त्यांच्यापर्यंत पोचत होती.

३

पाचव्या आठवड्यातल्या एका सकाळी, दहाच्या सुमाराला, बाई टेबलापाशी मटार सोलत बसल्या होत्या. घरात त्या आणि छटाक, आणखी कुणी नाही. दाराला आतून कडी होती. छटाक आला आणि त्याने दोन्ही पंजे त्यांच्या पावलावर ठेवले.

बाईंना आधी शेजारीण आली असं वाटलं. मग कडी आठवली. छटाक दोन पावलं पुढे गेला, मागे वळून त्यांची वाट पाहिली, आणि पॅसेजमधून त्यांना मागच्या खोलीत घेऊन गेला.

त्या खोलीत एक खिडकी, एक लोखंडी कपाट आणि बाईंनी जन्मभर जमवलेले जुने काटे होते. ऊन फरशीवर चौकोनी पडलं होतं. कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या मोकळ्या जागेसमोर छटाक शिस्तीत बसला आणि त्याने वर पाहिलं. कुठेतरी वर नाही, नेमकं उभ्या माणसाचं तोंड जिथे असतं तिथे. शेपूट फरशीवर हलत होतं. मग त्याने मान किंचित पुढे केली, हातातला तुकडा घेताना उघडायचा तसं अलगद तोंड उघडलं, आणि चावायला लागला.

कलेजीचा जुना तुकडा पडला असेल इथे, बाईंनी मनाशी म्हटलं. पण तुकडा पडतो तो फरशीवर पडतो, हेही त्यांच्या लगेच लक्षात आलं. मग रस्त्यावरून कुणी ओरडलं असेल. किंवा पाइपातून वरच्या मजल्यावरच्यांचं बोलणं येत असेल. कारणांना काय तोटा? इमारत नवी कोरी होती, या घरात बाईंच्या आधी कुणी राहिलेलंही नव्हतं. त्यांनी छटाकच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा मटार सोलायला बसल्या.

त्या आठवड्यात तो त्यांना सहा वेळा मागच्या खोलीत घेऊन गेला.

४

"वजन बघा याचं," प्राण्यांचे डॉक्टर दुसऱ्या महिन्याच्या शेवटी म्हणाले. "पंधरा किलो! याला तेरा पुरे होते. घरात कुणीतरी चोरून भरवतंय."

"घरात मी एकटीच असते."

"मग तुम्हीच भरवताय," डॉक्टर हसून म्हणाले. "सगळे नाहीच म्हणतात."

हे मात्र बाईंना झोंबलं. एकतीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांची वजनं पकडली त्यांच्याच घरात वजन जुळेना! त्यांनी मनावर घेतलं. खाण्याचा डबा आणि कलेजीची बरणी यांना तार ओवून, नोकरीत लावायच्या तसं शिशाचं सील लावलं. फिरायला नेताना छटाकचं तोंड जमिनीला लागू दिलं नाही. कचऱ्याची बादली कपाटात बंद केली. सकाळ-संध्याकाळ त्याला काट्यावर उभं केलं. सीलला कुणी हात लावला नव्हता. आणि कुत्रा रोज, जमाखर्च धरून, जेवढा भरायला हवा त्याहून चाळीस ग्रॅम जास्त भरत होता.

चाळीस ग्रॅम म्हणजे चाळीस तुकडे. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. ती त्यांनी हाकलली.

त्यांनी शेजारणीला मागच्या खोलीत अर्धा तास बसवलं. "काही नाही हो," ती म्हणाली, "इतकं शांत की माझा डोळा लागला." ट्रेनरनेही कान देऊन पाहिलं. भिंतीला कान लावला, खिडकी उघडून, बंद करून पाहिली. मग बाईंच्या समोर येऊन, ओठ नीट दिसतील असं बोलली.

"मला काही ऐकू आलं नाही. पण त्याला माझ्यापेक्षा चौपट ऐकू येतं. त्याने खूण केली की तुम्ही जायचं, बघायचं, शाबासकी द्यायची. बस्स. त्याला रागवायचं नाही आणि गप्प बसायला तर मुळीच शिकवायचं नाही."

"आणि परीक्षा?"

ट्रेनरने तोंड वाकडं केलं. परीक्षेचा नियम ठरलेला होता. तासाभरात दोनदा खोटी खूण दिली की कुत्रा नापास. छटाक आता तासाला तीनदा मागच्या खोलीत जात होता. परीक्षेला अठरा दिवस उरले होते.

"बाई, एक वेळ नापास होऊ दे," ट्रेनर म्हणाली. "पण ऐकणाऱ्या कुत्र्याला न ऐकल्याचं सोंग शिकवू नका."

बाईंनी मान डोलावली. मनात मात्र भाचीकडची ती खोली आली, तिथल्या कपाटात त्यांच्यासाठी मोकळा करून ठेवलेला एक कप्पा आला. अख्खा जन्म एका कप्प्यात घडी घालून ठेवायचा?

ट्रेनर जिना उतरली आणि बाईंनी कलेजीच्या बरणीचं सील तोडलं.

५

पद्धत सोपी होती, आणि बाईंना पद्धतीवर भरवसा होता. मागच्या खोलीच्या दारात छटाकला घेऊन उभं राहायचं. त्याची मान त्या मोकळ्या जागेकडे वळली की "नको" म्हणायचं. त्याने तोंड फिरवून बाईंकडे पाहिलं की एक नव्हे, तीन तुकडे. तिकडून मिळतो त्याच्या तिप्पट. व्यापार कुठलाही असो, जास्त देईल त्याचं गिऱ्हाईक.

पहिल्या दिवशी तो गोंधळला. एकदा बाईंकडे, एकदा तिकडे, असा बघत राहिला, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. तिसऱ्या दिवशी त्याने तोंड फिरवलं, तुकडे खाल्ले आणि लगेच चोरट्या नजरेने पुन्हा तिकडे पाहिलं. सातव्या दिवशी मान तिकडे वळण्याआधीच बाईंकडे वळायला लागली. नवव्या दिवशी "नको" म्हणायचीही गरज उरली नाही. पावलावर पंजे पडणं थांबलं. बाई हे तुकडे जेवणातून वजा करत असल्याने वजनही उतरायला लागलं. बाईंना मोजमाप जुळल्याचं जुनं समाधान मिळालं, आणि त्यांनी स्वतःला कॉफी करून घेतली.

परीक्षेला शेल्टरचे दोघे आणि ट्रेनर आली होती. छटाकने बेल सांगितली, टायमर सांगितला, भोंगा वाजताच आडवा पडला, बाल्कनीतून मारलेली हाक बरोबर पोचवली. तासाभरात एकही खोटी खूण नाही. ट्रेनरने जाताना बाईंकडे निरखून पाहिलं.

बाईंनी भाचीला मेसेज केला, "पास. पैकीच्या पैकी." भाचीचं उत्तर आलं, "शनिवारी सकाळी येते. तू समोरासमोर नक्की सांगितलंस की मगच खोली देईन. भाडेकरू थांबलाय." बाई दिवसभर खूश होत्या. सुंठीवाचून खोकला गेला, असं त्या शेजारणीला तीनदा म्हणाल्या.

६

सोमवारी सकाळी बाई पॅसेजमधून कपडे घेऊन येत होत्या. छटाक पुढे चालला होता. मागच्या खोलीच्या दाराशी तो थबकला, त्याने तोंड फिरवलं आणि तुकड्यासाठी बाईंकडे पाहिलं.

तोंड फिरवलं ते खोलीतल्या त्या मोकळ्या जागेवरून नव्हे. दाराच्या अलीकडे, पॅसेजमधल्या रिकाम्या जागेवरून.

बाईंनी सवयीने तुकडा दिला. मंगळवारी त्याने पॅसेजमध्येच, पण एक फरशी अलीकडे तोंड फिरवलं. बाईंनी खडूने फरशीवर रेघ मारली. दुपारी पुन्हा पाहिलं, तीच जागा. बुधवारी सकाळी रेघेच्या अलीकडे, बरोबर एक फरशी. कुत्रा लबाड झालाय, खाऊसाठी जागोजागी नाटक करतोय, असं बाईंनी ठरवलं आणि तुकडे बंद केले. नाटक असेल तर एका दिवसात बंद पडेल. नाटक बंद पडलं नाही. गुरुवारी रेघ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली.

त्या दिवशी बाई खुर्चीत बसून त्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिल्या. एक फरशी. जास्त नाही. ही रीत त्यांच्या ओळखीची होती, आणि ती कशासाठी वापरतात तेही त्यांना ठाऊक होतं.

शुक्रवारी त्यांनी छटाकला जवळ घेतलं आणि तो तोंड फिरवतो तेव्हा त्याला नीट न्याहाळलं. तोंड बाईंकडे होतं, डोळे बाईंकडे होते, अगदी शिकवल्याबरहुकूम. लांब कान मात्र मुळाशी उचलून मागे वळलेले होते आणि बारीक हलत होते. तोंड फिरवायला शिकवता येतं. कान फिरवायला कुणी शिकवलं नव्हतं.

तेव्हा बाईंना पहिल्यांदा खरी भीती वाटली. घरात एकच कान शिल्लक होता, आणि तो त्यांनी ग्रॅम-ग्रॅम तोलून, स्वतःच्या हाताने, गप्प बसवला होता.

७

शनिवारी भाची अकराला येणार होती. दहा वाजता बाई टेबलापाशी बसल्या. बाहेर लख्ख ऊन होतं. समोर चहाचा कप, पायाशी छटाक. घर लहान होतं, सगळं दिसत होतं: ओटा, उंबरा, पॅसेजचा अर्धा भाग. त्यांनी मनात जुळवणी करून ठेवली होती. भाचीला सगळं सांगायचं नाही, वेड लागलं म्हणेल. एवढंच म्हणायचं, मला येऊ दे तुमच्याकडे, एकटीला करमत नाही. मान खाली घालावी लागेल. घालू.

छटाकने वर पाहिलं. बाईंकडे पाहिलं, मग बाईंच्या खांद्याच्या जरा वर, आणि मग त्याने तोंड फिरवलं.

बाईंनी कप खाली ठेवला. मागे वळायचं त्यांच्याच्याने झालं नाही. पण बाई मुळात भित्र्या नव्हत्या. आयुष्यभर त्यांनी अंगावर येणाऱ्या दुकानदारांना जागच्या जागी प्रश्न विचारले होते. त्यांनी छटाकच्या हनुवटीखाली हात धरून त्याचं तोंड पुन्हा आपल्याकडे केलं.

"सांग," त्या म्हणाल्या. "चालेल. सांग मला."

छटाकने थोडा वेळ विचार केला. मग दोन्ही पंजे त्यांच्या पावलावर ठेवले. बाई वाट बघत राहिल्या. तो त्यांना कुठेही घेऊन गेला नाही.

"काय हवंय?" बाईंनी मोठ्याने विचारलं. निदान मोठ्याने विचारलं असं त्यांना वाटलं.

छटाकचे कान उचलले गेले. उत्तर चालू झालं होतं. बाईंना ते फक्त त्या दोन कानांवरून दिसत होतं. कान थरथरायचे, स्थिर व्हायचे, पुन्हा थरथरायचे. मध्येच त्याने मान तिरकी केली, नवीन शब्द ऐकला की करायचा तशी. उत्तर लांबलचक होतं. कान हळूहळू बाईंच्या उजव्या खांद्याकडून डाव्या खांद्याकडे वळले आणि तिथे थांबले. चहावर साय धरली तरी बोलणं संपलं नव्हतं.

मग छटाकने त्यांच्या गुडघ्याला नाक लावलं. बेल.

बाई धडपडत उठल्या, कडी काढली, दार उघडलं. भाची उभी होती, हातात फुलं. तिचा चेहरा उजळलेला होता, तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

"कधीची उभी आहे मी," ती म्हणाली. "पण आत बोलणं चाललं होतं ना, म्हटलं संपू दे. मावशी, किती दिवसांनी तुझ्याशी कुणी इतकं बोललं असेल!"

"मला तुझ्याकडे यायचंय," बाई म्हणाल्या.

भाचीचं लक्ष नव्हतं. ती बाईंच्या डाव्या खांद्यावरून आत बघत होती, आणि अनोळखी पण वडीलधाऱ्या माणसासमोर हसतात तशी थोडी संकोचून हसत होती. तिचे ओठ हलले. तोंड बाईंकडे नसल्यामुळे त्यांना अर्धंच वाचता आलं. "...बसा ना, उठू नका... हो, मीच ती भाची..." मग ती ऐकत राहिली. मान डोलवत, मध्येच हसत.

"चल," बाईंनी तिचा दंड धरला. "आत्ता चल. खाली चल."

भाचीने त्यांचा हात प्रेमाने थोपटला, त्यात फुलं दिली आणि त्यांच्याकडे तोंड केलं.

"अगं, सोबत आहे म्हणून सांगायचंस की आधीच. मी उगाच तीन महिने तुझा जीव खाल्ला." तिने फोन काढला, उभ्याउभ्याच दोन ओळी लिहिल्या आणि पाठवून बाईंना दाखवल्या. खोली त्या भाडेकरूला दिली होती.

बाईंनी तोंड उघडलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून "नको" म्हटलं. आवाज बाहेर पडला की नाही हे त्यांना कळायला एकच वाट होती. त्यांनी खाली पाहिलं. छटाक त्यांच्या समोरच बसला होता, तोंड त्यांच्याकडे, डोळे त्यांच्याकडे. कान त्यांच्याकडे नव्हते.

भाचीने आतलं शेवटचं वाक्य ऐकून घेतलं, पटल्यासारखी मान हलवली, आणि बाहेरून दार ओढून घेऊन जिना उतरायला लागली.